ओइनोनीची चिता आणि आपली हौस

एका वसंत व्याख्यानमालेत एका विद्वान वक्त्यांनी ग्रीक पुराणातली ओइनोनी श्रोत्यांपुढे उभी केली. ट्रॉयजवळच्या ईडा डोंगरातली वनदेवी, केब्रेन नदीची मुलगी, ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याची पहिली बायको. नवऱ्याने हेलनपायी टाकलं, तरी शेवटी त्याच्याच चितेत तिने उडी घेतली. ‘थेऊरच्या रमाबाई आणि ही ओइनोनी एकाच कुळातल्या,’ असं वक्ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझी जवळची माणसं होती, म्हणून तिथे गप्प बसलो. इथे गप्प बसायचं कारण नाही.

१७७२ साली माधवराव पेशव्यांच्या मागे रमाबाई सती गेल्या तेव्हा त्या दोघांच्या मध्ये कोणी हेलन नव्हती. तो प्रसंग दुःखाचा आहे आणि त्याचं काय करायचं हा आपला आपण सोडवायचा प्रश्न आहे. त्यासाठी ग्रीसहून साक्षीदार मागवायची गरज नाही. त्यातून मागवायचाच, तर त्याची पूर्ण जबानी तरी घ्यावी.

कारण चितेविषयी साक्षीदारांचं एकमत नाही. होमरच्या ‘इलियड’मध्ये तर ओइनोनी नाहीच. अपोलोडोरसच्या नावावर चालणाऱ्या ग्रंथात ती गळफास घेते. कोनोन नावाचा कथाकारही फासच सांगतो, तोही तिच्या कमरपट्ट्याचा. लायकोफ्रॉन तिला उंच बुरुजावरून खाली लोटतो. पार्थेनियस एवढंच सांगतो की तिने जीव दिला. ओव्हिडने तिच्या नावाने पॅरिसला पत्र लिहिलं आहे. त्यात ती जिवंत आहे, विनवते आहे आणि हेलनबद्दल जे बोलायचं ते सोडत नाही. चिता सविस्तर पेटते ती बहुधा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या क्विंटसच्या महाकाव्यात. म्हणजे आमच्या वक्त्यांनी सहा-सात साक्षींतून त्यांना हवी ती एक उचलली. वकिलाला हे शोभतं.

पण क्विंटसला एवढ्यात सोडायचं नाही. हा स्मर्नाचा कवी. होमरची नक्कल करणारा म्हणून विद्वान त्याला नाकं मुरडतात. त्याच्या चौदा सर्गांतला दहावा सर्ग ज्याने वाचला तो बहुधा नाकं मुरडणार नाही. ग्रीक धनुर्धर फिलोक्टेटीसचा विषारी बाण लागलेला पॅरिस ईडावर येतो आणि टाकलेल्या बायकोच्या पायांशी पडतो. जखम फक्त तीच बरी करू शकते, असं भाकीत आहे. आणि हा गृहस्थ म्हणतो काय? की मी तुला आपखुशीने सोडलं नाही, नियतीने मला हेलनकडे नेलं. मरणाच्या दारातही कबुली नाही! ती त्याला सांगते, जा त्या हेलनकडे, तिलाच बरं करायला सांग. तो डोंगरातच मरतो. मग रात्रीच्या चांदण्यात ती रानातून धावत निघते. वरून चंद्रदेवता तिच्याकडे बघते, आणि तिला स्वतःच्या प्रियकराची, एंडिमिऑनची आठवण होते. ओइनोनी तोंडावर वस्त्र घेते आणि जळत्या चितेत उडी टाकते.

वक्त्यांच्या बाजूने जेवढं खरं आहे तेवढं देऊन टाकतो. भोवतालच्या वनदेवी तिची थोरवी गातात, पॅरिसला नावं ठेवतात. कवी तिची तुलना कॅपॅनियसच्या चितेत उडी घेणाऱ्या एव्हॅड्नीशी करतो. म्हणजे नवऱ्याच्या चितेत उडी घेणारी बायको ग्रीक कवींना अनोळखी नव्हती. पण पुढच्या थोड्याच ओळींत क्विंटसने जे केलं ते व्याख्यानात आलं नाही. दोघांची राख एक झाली, अस्थी एकाच सोन्याच्या कलशात ठेवल्या, वर माती लोटली आणि माथ्यावर दोन शिळा उभ्या केल्या. त्या दोन शिळा एकमेकींकडे पाठ करून आहेत, कारण त्यांच्यातला मत्सर अजून विझलेला नाही. सतीच्या शिळेवर आपण काय कोरतो? बांगड्यांचा हात, वर चंद्र-सूर्य, म्हणजे जोवर ते आहेत तोवर. क्विंटसला कायम राहिलेलं भांडण दिसलं. राख एक झाली, पण समेट झाला नाही.

चितेची हौस असलेली माणसं फक्त आपल्याकडेच आहेत असं नाही. टेनिसनने तरुणपणी ओइनोनीचा विलाप लिहिला आणि म्हातारपणी तिचा मृत्यू. १८९२ साली, त्याच्या निधनानंतर काही आठवड्यांतच, ते पुस्तक निघालं. त्यात ती नवऱ्याला हाक मारून आगीत शिरते आणि कवीला गहिवरून येतं. त्याच पुस्तकात अकबराच्या स्वप्नावरची कविता आहे. तिच्यात परके लोक येऊन हिंदुस्थानातल्या सतीच्या आगी विझवतात, याचं कौतुक आहे. ईडावरची चिता काव्य, हिंदुस्थानातली चिता रानटीपणा. दोन्ही कविता एकाच पुठ्ठ्यात बांधताना कुणाला काही खटकलं नसावं.

इथवर बाजू सोपी होती. पुढे मी असं लिहिणार होतो की ओइनोनीचं मोठेपण उडीत नाही, नकारात आहे. टाकणाऱ्याला तिने दारातून परत पाठवलं, हेच तिचं बळ. पण ते लिहायला हात धजत नाही. कारण ओइनोनी नुसती बायको नाही, ती वैद्य आहे. ओव्हिड सांगतो की औषधीविद्या तिला खुद्द अपोलोने दिली. दारात आलेला माणूस नवरा म्हणून परत गेला तर मला चालेल. तो रुग्ण म्हणून परत गेला, याचं काय करायचं? पार्थेनियसने हे दुखणं नेमकं पकडलं आहे. त्याच्या गोष्टीत पॅरिस स्वतः येत नाही, निरोप्याला पाठवतो. ओइनोनी तोच टोमणा मारते आणि लगेच औषध घेऊन मागोमाग निघते. पण निरोप्या आधी पोचतो. तिचं उत्तर ऐकून पॅरिस आशा सोडतो आणि मरतो. शब्द औषधाच्या पुढे गेला. तिने नंतर जीव दिला तो नवऱ्यासाठी की हातून गेलेल्या रुग्णासाठी, हे पार्थेनियस सांगत नाही, आणि मीही ठरवू शकत नाही. वक्त्यांनी मात्र ते अगदी सहज ठरवून टाकलं.

शिवाय या बाईला एक मुलगाही आहे. कॉरिथस त्याचं नाव. कोनोन म्हणतो तो बापापेक्षा देखणा होता, आणि ओइनोनीनेच त्याला ट्रॉयला पाठवलं, पॅरिसला मत्सराने जळवायला आणि हेलनचं काही वाईट करायला. पॅरिसने त्याला हेलनच्या महालात तिच्याजवळ बसलेला पाहिला आणि जागच्या जागी मारला. पार्थेनियसमध्येही त्याला बापच मारतो. क्विंटस मुलाचं नावही काढत नाही. काढलं असतं तर पायांशी पडलेल्या त्या माणसाकडे आपण फक्त टाकून गेलेला नवरा म्हणून बघितलं नसतं. मुलाचा खुनी औषध मागायला आला आहे आणि औषध फक्त आईकडे आहे, अशी ही गोष्ट झाली असती. ती पातिव्रत्याच्या पट्टीने मोजता येत नाही, आणि माझ्या स्वाभिमानाच्या पट्टीनेही नाही. तरीही ती औषध घेऊन धावली, असं कोनोनसुद्धा सांगतो.

वक्त्यांना पुढच्या मोसमातही बोलावणं येईलच. त्यांनी कॉरिथसपासून सुरुवात करावी आणि मग सतीपर्यंत पोचून दाखवावं.