थंडाव्याचा करारनामा

राष्ट्राराष्ट्रांतील करारनामे बहुधा सहीशिक्क्याच्या समारंभानंतर दप्तरात निजतात, असा अनुभव असताना १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे झालेला ओझोनरक्षणाचा करार पुढे जगातील सर्व राष्ट्रांनी स्वीकारला आणि बऱ्याच अंशी पाळलाही, याचे श्रेय मानवजातीच्या सद्बुद्धीला देऊन मोकळे होणे भाबडेपणाचे ठरेल. ज्या वायूंवर निर्बंध घालायचे होते ते मोजक्या कारखान्यांत तयार होत, त्यांचे वजन करता येई, बंदरावर त्यांची रुजवात घेता येई. आणि विकसनशील देशांना वाढीव मुदतीबरोबर, १९९० साली लंडनला ठरलेल्या बहुपक्षीय निधीतून पैसाही मिळे. भारत या करारात आला तो ही तरतूद झाल्यानंतर, १९९२ साली.

ओझोनला अपायकारक वायूंच्या जागी एसी-फ्रिजमध्ये जे हायड्रोफ्लुरोकार्बन (एचएफसी) आले, ते ओझोनच्या बाबतीत निरुपद्रवी असले तरी पृथ्वी तापविण्यात कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो, काही तर हजारो पट समर्थ निघाले. म्हणून १५ ऑक्टोबर २०१६ रोजी रवांडातील किगाली येथे जुन्याच करारात दुरुस्ती होऊन या वायूंच्या कपातीचे वेळापत्रक ठरले. श्रीमंत देशांनी कपात २०१९ पासून आरंभायची, चीनने वापराची वाढ २०२४ साली थांबवायची, भारताने २०२८ साली; आणि २०४७ पर्यंत भारताने ८५ टक्के घट करायची. या सवलतीला पक्षपात म्हणणाऱ्यांनी वैशाखात विदर्भातील पत्र्याच्या खोलीत एक दुपार काढावी, म्हणजे ज्याला अद्याप थंडावा मिळालेलाच नाही त्याच्याकडे कपातीचा तगादा लावण्यात कोणता न्याय आहे, हे त्यांचे त्यांनाच उमगेल.

तथापि पैसा दिला की काम होतेच, असेही नाही. आर-२२ हा एसीत वापरला जाणारा वायू बनविताना एचएफसी-२३ नावाचा उपवायू निघतो व त्याची तापनशक्ती करारात कार्बन डायऑक्साइडच्या १४,८०० पट धरलेली आहे. तो जाळून टाकल्याबद्दल हवामानविषयक क्योटो कराराच्या योजनेत उत्सर्जन-कपातीची विकाऊ पत मिळू लागताच, जाळण्याचा मोबदला इतका घसघशीत ठरला, की काही कारखान्यांनी मूळ मालाचे उत्पादनच वाढविल्याचे आढळले. पुढे युरोपीय संघाने ही पत नाकारली, आणि किगालीच्या वेळी भारताने आपल्या कारखानदारांना हा वायू स्वखर्चाने जाळण्याचा हुकूम दिला. बक्षिसाने न साधलेले काम हुकमाच्या हवाली करावे लागले.

पण हुकूम कारखान्याच्या दारापर्यंतच चालतो. करारनामा मुख्यतः उत्पादन, आयात आणि निर्यात यांचा हिशेब मागतो. वापरात असलेल्या यंत्रांतील वायूचा हिशेब तो मागत नाही. उन्हाळ्यात पाचव्या मजल्याच्या खिडकीबाहेर, एका हाताने लोखंडी गज धरून उभा असलेला कारागीर जुन्या एसीची नळी सैल करतो, उरलासुरला वायू क्षणात हवेत सोडतो आणि नवा ‘गॅस भरून’ खाली उतरतो. तो वायू परत गोळा करण्याचे यंत्र त्याच्याजवळ नसते, आणि त्या श्रमाची मजुरी द्यायला गिऱ्हाईक तयार नसते. विजेचीही तीच कथा. एसी कोळशाची वीज खात असेल तर तिचा धूर माँट्रियलच्या हद्दीबाहेर पडतो. तो धूर ज्याच्या कक्षेत येतो त्या पॅरिस हवामान करारात ज्याने त्याने आपले उद्दिष्ट ठरवायचे असते, आणि डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत साठांहून अधिक देशांनी थंडाव्यापासूनचे उत्सर्जन २०५० पर्यंत ६८ टक्क्यांनी घटविण्याचा जो संकल्प सोडला, तो ऐच्छिक आहे.

साताऱ्यातील शिरवळच्या कारखान्यात प्रोपेनवर चालणारे एसी तयार झाले, म्हणजे पृथ्वीला फारसे न तापविणारे पर्याय आपल्या हातचे नाहीत असे नव्हे. आणि थंडाव्याची मागणीच २०३७-३८ पर्यंत २० ते २५ टक्के कमी करण्याचे उद्दिष्ट भारताने २०१९ सालच्या कृती-आराखड्यात लिहून ठेवले आहे. आता बहुपक्षीय निधीने वायू परत गोळा करणाऱ्या कारागिराच्या मजुरीचा भार उचलावा, आणि नगरपालिकांनी तापणाऱ्या छपरांना परवाना देण्यापूर्वी सावलीचा व वाऱ्याचा विचार सक्तीचा करावा. मोजता येईल तेवढ्याच गोष्टीवर जगाचा अंमल चालतो, हा माँट्रियलचा धडा असेल, तर पुढचे मोजमाप कारखान्यात नव्हे, घराघरांत सुरू झाले पाहिजे.