मळ, शौच आणि कानातली काडी

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात माणसाचे बारा मळ मोजले आहेत. कानातला मळ, नाकातला मळ, घाम तर त्यांत आहेतच, पण रक्त, मज्जा आणि अश्रूही आहेत. माझे वडील भिक्षुकी करायचे. ही यादी त्यांना तोंडपाठ होती आणि आंघोळीला बसलेल्या आम्हा मुलांना ते ती ऐकवायचे. पुढे मी नर्स झाले. मिरजेत कान-नाक-घशाच्या दवाखान्यात माझी नोकरी झाली आणि त्या बारांतला एक मळ रोज माझ्यासमोर येऊ लागला. शुद्धी म्हणजे नेमकं काय, याचा विचार मी पोथीपेक्षा त्या मळाशेजारी उभी राहून जास्त केला.

त्याच अध्यायात, यादीच्या जरा आधी, आणखी एक गोष्ट सांगितली आहे. नाभीच्या वरची शरीराची द्वारं शुद्ध आहेत आणि मळ अशुद्ध होतो तो शरीरातून गळून पडल्यावर. यादी पाठ करणाऱ्या घरांत हा भाग फारसा कुणी उच्चारत नाही. रक्त अंगात आहे तोवर त्याला कोण अपवित्र म्हणतं? मग कानातला मळ कानात आहे तोवर त्याच्यामागे काडी घेऊन का लागायचं?

आमच्याकडे येणारी बहुतेक माणसं रोज कान कोरणारी असत. कुणी आगपेटीच्या काडीने, कुणी केसातल्या पिनेने, कुणी स्कूटरच्या किल्लीने, आणि अलीकडे सगळेच कापसाच्या काडीने. आंघोळ, पूजा आणि मग कान, असा नेम सांगणाऱ्या एक आजी आठवतात. सोवळं कडक. डॉक्टरांनी कोरायचं नाही म्हटल्यावर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अहो सिस्टर, मग घाण तशीच ठेवायची का?” प्रश्न खरा होता आणि मनापासून विचारलेला होता. मी त्यांना बसवून घेतलं आणि भिंतीवरचं कानाचं चित्र दाखवलं.

कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. मळ तयार होतो तो तिच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागातच. तिथे कूर्चा असते, लव असते आणि मळ बनवणाऱ्या ग्रंथी असतात. त्यापुढचा भाग हाडाचा. त्यावरची कातडी इतकी पातळ की काडीचं टोक लागलं तरी रक्त येतं. त्या भागात मळ बनतच नाही. पडद्याला चिकटून मळ बसलेला दिसला, तर तो बहुतेक वेळा कुणीतरी तिथवर ढकललेला असतो. आणि मला आजही थक्क करणारी गोष्ट अशी, की पडद्यावरची आणि नळीतली कातडी स्वतःच बाहेरच्या दिशेने सरकत असते. नख वाढतं तितक्या संथपणे ती धूळ आणि मृत पेशी घेऊन दाराशी येते. जेवताना, बोलताना जबडा हलतो, त्याने मळ सुटायला मदत होते. मळ तेलकट असतो, किंचित आंबटही. त्यामुळे पाणी कातडीत मुरत नाही आणि बुरशीला थारा मिळत नाही. पावसाळ्यात कानात बुरशी झालेले रुग्ण वाढत, त्यांतले कितीतरी जण नेमाने कान कोरणारे असत. राखणदार त्यांनीच काढून टाकलेला असे.

आजींनी सगळं ऐकलं आणि त्या म्हणाल्या, “म्हणजे देवानेच सोय केलीय म्हणा की.” मी हो म्हटलं. कानाची पाळ आणि कानामागची बाजू ओल्या फडक्याने पुसा, आतलं आत राहू द्या, एवढंच सांगितलं. आमच्याकडे येणारे मुसलमान रुग्ण वजू करताना कानांचा मसह करतात, ओल्या बोटाने. बोट जिथवर जातं तिथवरच शुद्धी, ही मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते.

मिरज हे तंतुवाद्यांचं गाव. तंबोरे बनवणारे एक कारागीर एकदा आले. जवारी काढताना उजव्या कानाला नाद लागेना, सूर कापडाआडून आल्यासारखा वाटत होता. आधी थोडं कमी ऐकू येत होतं, म्हणून त्यांनी काडी घातली. मळ आत गेला, मग आणखी कमी ऐकू आलं, म्हणून आणखी खोल घातली. शेवटी घरच्यांनी लसणाचं तेल कढवून ओतलं. नळीची कातडी भाजली होती. पडदा वाचला, हे त्यांचं नशीब. बरेच दिवस औषध घातल्यावर मळ काढता आला. त्यांचा धंदा कानावर होता, आणि त्यांना वेदनेपेक्षा या गोष्टीचीच जास्त भीती वाटत होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आपल्या परंपरेने कानाला केवढा मान दिला आहे! नवविधा भक्तीत श्रवण पहिलं. दासबोधाच्या चौथ्या दशकाची सुरुवात श्रवणभक्तीनेच होते. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागून उघडतो. गुरुमंत्र कानात सांगतात. आणि याच परंपरेतल्या गौतम धर्मसूत्राने असंही सांगितलं, की शूद्राने मुद्दाम वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेलं कथील आणि लाख ओतावी. वडिलांच्या कपाटात हे पुस्तक होतं. मी ते वाचलं तेव्हा दवाखान्यात भाजलेले कान पाहून चुकले होते, त्यामुळे ते वाक्य मला नुसतं वाक्य म्हणून वाचताच आलं नाही. 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली गेली ती का, हे त्या दिवशी माझ्या अंगात उतरलं. पवित्र शब्दाला विटाळ होऊ नये म्हणून जिवंत माणसाचा कान जाळायचा! त्या शिक्षेची आणि आजींच्या काडीची बरोबरी मी करणार नाही. पहिलीत क्रूरता आहे, दुसरीत अज्ञान. पण शुद्धीच्या नावाने शरीराला इजा झाली तरी चालते, हा समज दोन्हीकडे आहे, आणि त्याच्याशी माझं भांडण आहे.

या भांडणात मला आधार सापडला तो पतंजलींच्या क्रमात. योगसूत्रांत यम आधी येतात, नियम नंतर. यमांत पहिली अहिंसा. नियमांत पहिलं शौच. म्हणजे शौचाची पाळी येते ती अहिंसा ठरल्यानंतर. हा क्रम उलटा केला, की शौच सोडून फक्त घासणं उरतं. रक्त येईपर्यंत कोरलेला कान शुद्ध झाला असं मी मानत नाही, मग कोरणाऱ्याचा भाव कितीही चांगला असो.

मळ काढूच नये असं मात्र नाही. वय वाढतं तसा तो कोरडा होतो, श्रवणयंत्र वापरणाऱ्यांत साचतो, काहींची नळीच अरुंद असते. ऐकू येईनासं झालं, दडा बसला, कान वाजू लागला, तर तो काढायलाच हवा. सुश्रुताने उत्तरतंत्रात हेच सांगितलं आहे: आधी तेलाने भिजवा, शेक द्या, मग वैद्याने शलाकेने काढावा. आजही रीत तीच. काही दिवस थेंब घालून मळ मऊ करायचा, मग डॉक्टर प्रकाशात बघून काढतात किंवा अंगाच्या तापमानाच्या पाण्याने धुतात. पाणी गार असेल तर आतल्या कानाचा तोल ढळतो आणि माणूस खुर्चीतच गरगरतो. कान वाहत असेल, दुखत असेल किंवा पडद्याला भोक असेल, तर घरी तेलाचा थेंबही घालू नये. मधुमेह्यांनी तर कोरण्याचं नावच काढू नये. त्यांच्यात साध्या ओरखड्याचा संसर्ग हाडापर्यंत उतरू शकतो. कानात पोकळ मेणबत्ती पेटवून मळ ओढून घेतात, त्यात मेण आत पडतं आणि चटका बसतो, बाकी काही होत नाही.

एका जागी माझं पतंजलींशीही जमत नाही. शौचातून स्वतःच्या अंगाची जुगुप्सा येते, असं त्यांनी म्हटलं आहे. वैराग्याच्या वाटेवरच्या योग्याला ती उपयोगी पडत असेल. संसारी माणसाच्या हातात ती आली की काय होतं, ते मी पाहिलं आहे. म्हातारी माणसं तपासायला बसताना कानावर हात ठेवून म्हणत, “फार घाण असेल हो, माफ करा.” ऐकू येत नसतानाही याच लाजेने कित्येक जण वर्षानुवर्षं आले नव्हते. नातवंडांचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हतं आणि ते घरी बसून, दार लावून, काडीने कान कोरत होते.