दिवा प्रथम कोणाच्या घरी?

वीज गेली की श्रीमंत-गरीब सर्वांच्या घरी सारखाच अंधार होतो, असे आपण सहज बोलून जातो. परंतु अंधार सारखा असला तरी त्याचा भार सारखा नसतो. एका घरी पंखा थांबतो आणि फ्रीजमधली मासळी वाया जाते. शेजारच्या घरी प्राणवायू देणारे यंत्र थांबते. चौथ्या मजल्यावरचा तरुण लिफ्ट बंद पडली तर जिना उतरतो. त्याच मजल्यावरची पक्षाघाताने खिळलेली वृद्धा घरातच कोंडली जाते, आणि पंप बंद म्हणून पाण्यालाही महाग होते. म्हणूनच खंडित वीज आधी कोणाकडे यावी, हा केवळ अभियंत्यांचा प्रश्न नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे.

कोकणपट्टीला हा प्रश्न नवा नाही. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून पुढे सरकले, तेव्हा वसई परिसरातही झाडे तारांवर कोसळली. ते दिवस करोनाच्या दुसऱ्या लाटेचे होते. रुग्णालयांना प्रथम वीज मिळावी याविषयी कोणाचे दुमत नव्हते. पण घरोघरी यंत्राच्या आधाराने श्वास घेणारे रुग्ण होते, त्यांचे काय?

दुरुस्तीला एक तांत्रिक क्रम असतो, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. आधी उपकेंद्र, मग उच्चदाब वाहिनी, मग रोहित्र आणि शेवटी घराकडे जाणारी तार. मागची कडी तुटलेली असताना पुढची जोडून उपयोग नाही. एका दुरुस्तीने जिथे हजार घरे उजळतात, तिथे आधी हात घालणे हेही अन्याय्य नाही. भर पावसात खांबावर चढणाऱ्या वायरमनला दोष देणे तर कृतघ्नपणाच ठरेल. तथापि हा क्रम संपतो तिथे निवड सुरू होते. दोन आळ्यांची दोन रोहित्रे नादुरुस्त आहेत आणि माणसे एकाच दुरुस्तीला पुरतील एवढी आहेत. आता कोठे जावे? व्यवहारात उत्तर बहुधा असे मिळते: ज्या आळीतून अधिक फोन आले, ज्या आळीत नगरसेवकाची ओळख निघाली, तिथे.

संत योहानाच्या शुभवर्तमानातील बेथेस्दाच्या तळ्याची कथा येथे आठवावी. पाणी हलले की जो पहिला उतरेल तो बरा होई, अशी तिथल्या आजाऱ्यांची श्रद्धा होती. नियम सर्वांना एकच होता. म्हणजे दिसायला न्याय्य होता. परंतु अडतीस वर्षे पडून असलेल्या त्या मनुष्याला हाच नियम बाहेर ठेवीत होता. ज्याला धावता येत होते त्याची गरज कमी, आणि ज्याची गरज सर्वांत मोठी त्याला धावताच येत नव्हते. त्याचे गाऱ्हाणे पाण्याविषयी नव्हतेच. आपल्याला उचलून नेणारे कोणी नाही, हे त्याचे दुःख होते. प्रभू येशू रांगेची वाट न पाहता त्याच्यापाशी गेला.

स्वकीयांवरील प्रीतीला योग्य स्थान देणारे संत थॉमस अक्वायनसही सांगतात की, पराकोटीच्या गरजेत सापडलेल्या परक्याला, तशी गरज नसलेल्या आपल्या पित्याच्याही आधी साहाय्य करावे लागते. नात्याचा हक्कही जिथे मागे सरतो, तिथे ओळखीचा आणि चढ्या आवाजाचा हक्क कसा टिकेल?

याद्या केल्याने हा प्रश्न सुटेल काय? अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचा अनुभव याबाबत विचार करायला लावणारा आहे. १० सप्टेंबर २०१७ रोजी तिथे इर्मा चक्रीवादळ धडकले. हॉलिवूड नावाच्या शहरातील एका शुश्रूषागृहात वातानुकूलन यंत्रणेची वीज गेली आणि उष्मा वाढत गेला. वीज कंपनीच्या अग्रक्रमात रुग्णालये होती, हे शुश्रूषागृह नव्हते. व्यवस्थापक फोन करीत राहिले, आश्वासनांची वाट पाहत राहिले. १३ सप्टेंबरला रुग्णांना बाहेर काढले गेले, तोवर उशीर झाला होता. त्या घटनेतील मृतांची संख्या १२ झाली. पुढच्याच वर्षी अशा गृहांना जनित्र सक्तीचे करणारा कायदा झाला. पण मनाला टोचते ते निराळेच. रस्त्याच्या पलीकडे एक मोठे रुग्णालय होते, आणि तिथे वीज होती. तार जोडली जाण्याची वाट पाहताना, माणसाला विजेपर्यंत नेता येते हा विचार मागे पडला.

यातून आम्हांला दोन कर्तव्ये दिसतात. पहिले शासनाचे आणि वीज मंडळींचे: घरी यंत्रावर जगणारे रुग्ण, डायलिसिसची केंद्रे, वृद्धाश्रम यांची नोंद आधीच असावी आणि निवडीची वेळ आली की तीच निर्णायक ठरावी. दुसरे कर्तव्य आपले आहे. पहिल्या शुक्रवारी ज्या आजाऱ्यांच्या घरी परमप्रसाद नेला जातो, त्यांची यादी प्रत्येक धर्मग्रामात असते. त्या यादीत प्रत्येक नावापुढे एक ओळ वाढवावी: वीज गेल्यास या घरात काय थांबते, आणि यांना कोण उचलून नेईल? सणाला रोषणाईसाठी जनित्र आणणारा धर्मग्राम वादळात सभागृहात चार खाटा मांडून तेच जनित्र चालवू शकतो. इन्सुलिन थंड राहील, यंत्र चालेल, एखादी वृद्धा रात्रभर एकटी राहणार नाही.

आणि वायरमन आपल्या आळीत आला, तर पलीकडच्या आळीत अधिक निकड असल्याचे त्याला आपणच सांगावे. आणखी एक रात्र पंख्याविना काढावी लागेल. ती काढण्याची आपली तयारी आहे काय, हे पावसाळा सुरू होण्यापूर्वी आपापल्या कुटुंबात बसून ठरवावे.