चहाच्या चार पुड्या

१९६२ सालच्या जूनमध्ये सतीशकुमार आणि प्रभाकर मेनन हे दोन तरुण दिल्लीत गांधीजींच्या समाधीपासून पायी निघाले. जायचं होतं मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनला. अणुबॉम्ब तेव्हा या चार राजधान्यांच्या देशांकडेच होते, आणि ते टाकून द्या, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

निघण्याआधी दोघं विनोबांचा आशीर्वाद घ्यायला गेले. विनोबांनी सांगितलं, खिशात पैसा ठेवू नका. पैसा असला की दमलेला माणूस खानावळ गाठतो, खोली घेतो, झोपतो आणि कुणाशी न बोलता पुढे जातो. पैसा नसला की कुणाचं तरी दार वाजवावंच लागतं.

या सांगण्याची परीक्षा वाघा सरहद्दीवर झाली. फाळणीला पंधराच वर्षं झाली होती. निरोप द्यायला आलेल्या एका जिवाभावाच्या माणसानं खाण्याची पुडकी पुढे केली. तिकडे कोण विचारणार तुम्हाला? निदान एवढं तरी जवळ असू द्या. सतीशकुमारांनी ती घेतली नाहीत. ही अन्नाची नव्हेत, अविश्वासाची पुडकी आहेत, असं त्यांचं म्हणणं. पलीकडे कुणी पानावर बसवलं, तर त्याला काय सांगायचं? तू जेवू घालशील याची खात्री नव्हती, म्हणून घरून बांधून आणलं?

देणाऱ्याची माया खरीच होती. पण मला सतीशकुमारांचं पटतं. शिदोरी भरलेली असली की माणूस झाडाखाली बसून जेवतो. गावातलं दार तसंच बंद राहतं आणि आत कोण होतं, हे त्याला कधीच कळत नाही.

सरहद्द ओलांडून फार वेळ झाला नव्हता, तोच एका अनोळखी माणसानं त्यांच्याजवळ मोटार थांबवली. शांततेसाठी चालत निघालेले दोघे ते तुम्हीच का? वर्तमानपत्रात वाचून तो त्यांना शोधतच आला होता. लाहोरला माझ्या घरी उतरा, म्हणाला. दोघांचं व्रत चालण्याचं, त्यामुळे मोटारीत बसता येईना. त्यानं पत्ता दिला, आणि पहिल्याच मुक्कामाला शत्रू म्हणवल्या जाणाऱ्या देशात त्यांच्यासाठी घर उघडं होतं.

पुढे खैबरखिंड, अफगाणिस्तान, इराण. असंच खात, असंच राहत ते जॉर्जियात पोचले. तिथं चहाच्या एका कारखान्याबाहेर दोन बाया भेटल्या. दोघांनी दिलेलं पत्रक त्यांनी वाचलं. हिंदुस्थानातून चालत? आणि पैशावाचून? मग आत चला, आधी चहा घ्या. चहा चालू असताना त्यांतली एक उठून गेली आणि चार पुड्या घेऊन आली. या तुमच्यासाठी नाहीत. चार राजधान्यांतल्या चार पुढाऱ्यांना एकेक द्या आणि माझा निरोप सांगा: बॉम्बचं बटण दाबायचं वेड डोक्यात आलंच, तर क्षणभर थांबा आणि हा चहा करून प्या.

कारखान्यात राबणाऱ्या बाईला क्रेमलिनचं दार कोण उघडणार? तिच्या हाताशी होता तो चहा. दारात आलेल्या दोन परक्यांवर तिनं घोटभर चहात विश्वास टाकला आणि आपलं काम त्यांच्यावर सोपवलं. कुणी जेवू घालतं, तेव्हा आपण ऋणी होतो. कुणी असं काम सोपवतं, तेव्हा आपण त्याच्या घरचे होतो. या प्रवासातली सगळ्यात मोठी मेहेरबानी मी हीच मानतो.

पॅरिसमध्ये दोघांना तुरुंगात टाकलं गेलं. फ्रान्स आणि इंग्लंडमधला समुद्र आणि पुढे अटलांटिक त्यांनी बोटीनं ओलांडला. ते अमेरिकेत पोचेपर्यंत राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली होती, म्हणून चौथी पुडी त्यांच्या जागी आलेल्या जॉन्सन यांच्या व्हाइट हाउसमध्ये दिली.