एकच यादी, दोन दुकाने



समजा, दोन सख्ख्या बहिणी आहेत. थोरली वर्धा शहरात राहते. धाकटी आष्टी तालुक्यातील एका आडगावी दिलेली आहे. दोघींच्या घरी माणसे सारखीच आणि मिळकतही जवळपास सारखीच. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोघी एकच यादी करतात: तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती, साबण आणि साखरेचा आजार असलेल्या सासऱ्यांसाठी नाचणीचे पीठ.

थोरली संध्याकाळी मोठ्या दुकानात जाते. हाताशी ढकलगाडी, समोर डाळींचे चार प्रकार, तेलाचे सहा. ती भाव ताडून पाहते आणि छापील किमतीपेक्षा कमी दरात सामान घेऊन अर्ध्या तासात घरी येते. धाकटी गावातल्या किराणा दुकानात जाते. तिथे डाळ एकच, तेल एकच आणि भाव छापील. नाचणीचे पीठ नाही. दुकानदार म्हणतो, "वहिनी, पुढच्या खेपेला आणून ठेवतो." पीठ आजच हवे असेल तर एसटीने तालुक्याला जायला हवे. 2023 पासून बायकांना एसटीचे तिकीट अर्धे झाले आहे. पण तिकीट अर्धे झाले म्हणून दिवस अर्धा होत नाही. त्या दिवसाची मजुरी पूर्णच बुडते.

यादी एक, पैसा सारखा. तरी एकीला निवड करता येते, दुसरीला जे आहे तेच घ्यावे लागते. फरक आहे तो फक्त पत्त्याचा. आज आपण स्वतःला एक प्रश्न विचारू या: जी निवड मला केवळ माझ्या पत्त्यामुळे मिळाली, तिचे मी देवाला काय उत्तर देणार?

हे असे का होते, ते आधी समजून घेऊ. मोठे दुकान स्वस्त विकू शकते, कारण ते एकदम भरपूर माल उचलते आणि तो झटपट खपवते. त्यासाठी दाट वस्ती लागते. म्हणून 2002 साली डी-मार्टचे पहिले दुकान मुंबईच्या पवईत उघडले, एखाद्या खेड्यात नाही. गावातला दुकानदार चार पोती माल आणतो. तो हळूहळू विकला जातो, वाहतुकीचा खर्च अंगावर येतो, उधारी थकते. तो लबाड आहे म्हणून त्याच्याकडे भाव जास्त असतो असे नाही. ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच नाही. ब्रिटनमध्ये 1990 च्या दशकात गरीब वस्त्यांमधून चांगली दुकाने निघून गेली, तेव्हा अशा वस्त्यांना लोक 'अन्नाचे वाळवंट' म्हणू लागले. श्रीमंत देशातही माणूस कुठे राहतो यावर त्याच्या ताटात काय पडते हे ठरते.

ह्या बाबतीत आपण दोन चुका करतो. पहिली चूक म्हणजे मिळालेल्या निवडीला आपली हुशारी समजणे. "गावची माणसे महिन्याचे सामान एकदम का भरत नाहीत? रोज पाच-दहा रुपयांच्या पुड्या कशाला आणतात?" असे आपण सहज बोलून जातो. पण एकदम सामान भरायला एकदम पैसा हातात यावा लागतो. ज्याच्या हाती रोजचा पैसा रोज येतो, त्याचे सामानही रोजच येणार. पुडी हा त्याचा आळस नसून त्याचा हिशेब आहे.

दुसरी चूक याच्या उलट आहे. गावाचे गोडवे गाऊन मोकळे होणे ही ती चूक. गावचा दुकानदार नावाने ओळखतो, अडचणीला वहीवर लिहून ठेवतो, मयतीला दारी येतो. हे सारे खरे आहे. पण ज्याची उधारी आहे, त्याला दुसऱ्या दुकानी जाता येत नाही, हेही तितकेच खरे. त्याला खराब तांदूळ परत करायलाही संकोच वाटतो. ओळखीची ऊब आणि उधारीची दोरी बहुतेक वेळा एकाच वहीत असतात.

आपल्या जिल्ह्यातील एक ताजे उदाहरण पाहा. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या 14 जिल्ह्यांची नावे पुढे आली, त्यांत मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि आपला वर्धा जिल्हा आहे. ह्या जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिका असलेल्या शेतकरी कुटुंबांना 2015 पासून दर माणशी पाच किलो धान्य मिळत असे, गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलोने. पुढे ते बंद झाले आणि 2023 साली सरकारने धान्याऐवजी दर माणशी महिना 150 रुपये बँकेच्या खात्यात देण्याचे ठरवले. पैशाचा फायदा आहेच. ज्याला ज्वारी हवी त्याने ज्वारी घ्यावी, डाळ हवी त्याने डाळ घ्यावी. माणसाला निवडू देणे म्हणजे त्याचा मान राखणे होय. पण पाच किलो धान्य शहरात आणि आडगावी पाच किलोच भरते. रोख पैसे मात्र दोन्हीकडे सारखे भरत नाहीत. वर्ध्याच्या बाजारात त्यांतून जेवढे येते, तेवढे आडगावच्या दुकानात येत नाही. शिवाय बँकेपर्यंत जाण्यायेण्याचा खर्च वेगळाच. म्हणजे निवड ही केवळ पैशात नसते, पैसा जिथे खर्च करायचा त्या जागेतही असते.

ह्या प्रश्नाचा विचार आपल्याच वर्ध्यात एका ख्रिस्ती माणसाने खोलवर केला होता. जे. सी. कुमारप्पा यांचा जन्म 1892 साली तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. परदेशात शिकलेले हे हिशेबतज्ज्ञ 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे मंत्री झाले आणि वर्ध्याच्या मगनवाडीत राहू लागले. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगत असताना त्यांनी येशूच्या आचरणावर आणि शिकवणुकीवर एक पुस्तक लिहिले. त्यांचे सांगणे थोडक्यात असे होते: वस्तू विकत घेणारा हा ती वस्तू बनवताना घडलेल्या बऱ्यावाईटाचा वाटेकरी असतो, म्हणून आपला व्यवहार आपल्या नजरेच्या टप्प्यात ठेवावा.

विचार मोठा आहे. पण तो कोणाला सांगायचा? धाकट्या बहिणीचा व्यवहार नजरेच्या टप्प्यातच आहे, कारण तिच्याजवळ दुसरी वाट नाही. कुमारप्पांनी साधेपणा निवडला होता. सेवाग्रामच्या कुटीत गांधीजींनीही तो निवडला होता. निवडलेला साधेपणा हे व्रत आहे, लादलेला साधेपणा ही उणीव आहे. म्हणून हा उपदेश गावातील बहिणीसाठी नाही. तो ढकलगाडी हाती धरलेल्या आपल्यासाठी आहे. ज्याच्याजवळ निवड आहे, त्याच्यावरच तिची जबाबदारी येते.

ख्रिस्तसभाही हेच शिकवते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2009 सालच्या 'कारितास इन वेरिताते' ह्या विश्वपत्रात विकत घेणे ही केवळ आर्थिक कृती नसून नेहमीच नैतिक कृतीही असते, असे सांगितले. त्याच्या कितीतरी आधी आमोस संदेष्ट्याने माप लहान करून दाम मोठे घेणाऱ्यांवर कोरडे ओढले होते. आणि रानातला मान्ना आठवा. कोणी जास्त गोळा केला, कोणी कमी. मोजून पाहिला तेव्हा कोणाचे उरले नाही, कोणाला कमी पडले नाही. करिंथकरांना दानाविषयी लिहिताना संत पॉल ह्याच प्रसंगाची आठवण देतो. एकाच्या विपुलतेने दुसऱ्याची उणीव भरावी, हा त्याचा आग्रह आहे. परमेश्वराने सर्वांना एकाच ठिकाणी राहायला दिले नाही; पण जवळ राहणाऱ्याने दूर राहणाऱ्याला विसरावे, असेही त्याने म्हटलेले नाही.

मग आपण काय करावे? गावी जाताना हात हलवत जाऊ नये. आधी फोन करून विचारावे, "ताई, इकडून काय आणू?" आणि तिने सांगितले तेच न्यावे, आपल्याला वाटेल ते नव्हे, कारण निवड तिची राहिली पाहिजे. 1975 साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने घराघरांच्या याद्या एकत्र करून, एकदम माल घेऊन वाटून देण्याची रीत रुजवली. आपल्या धर्मग्रामातील पाच-दहा कुटुंबांना गावासाठी असे काही करता येणार नाही का? आणि आपली खरेदी करताना एक नजर आपल्या मातीकडेही असावी. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. दूरवरून आलेली पुडी उचलण्याआधी तिची आठवण व्हावी.

हे केल्याने सारे प्रश्न सुटणार नाहीत. रस्ते, एसटी, शिधावाटप ही शासनाची कामे आहेत आणि ती मागत राहणे हेही आपले कर्तव्य आहे. पण शासनाची वाट पाहत असताना बहिणीला विसरण्याची सवलत आपल्याला नाही.

दर रविवारी आपण वेदीपुढे रांगेत उभे राहतो. शहरातला असो वा आडगावचा, तिथे निवड कोणालाच नसते. सर्वांना एकच भाकर, एकच ख्रिस्त मिळतो आणि तो सर्वांना पुरतो. प्रभूच्या मेजावर जे समान वाटले जाते, त्याची थोडी तरी खूण आपल्या पिशवीत दिसावी. येत्या आठवड्यात सामानाची यादी करताना शेवटची एक ओळ रिकामी ठेवा आणि ती कोणाला तरी विचारून भरा.

प्रभू येशू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.