प्रेक्षकाचें ऋण

जो धोका मनुष्यानें स्वखुषीनें पत्करला, त्याच्या परिणामाची जबाबदारी दुसऱ्या कोणावर नाहीं, असें आपण व्यवहारांत सहज बोलून जातों. न्यायाच्या कचेरींत हें उत्तर पुरेसें होईलहि; पण नीतीच्या कसोटीस तें कितपत उतरतें, हें एका खेळाडूच्या चरित्रावरून पाहण्यासारखें आहे.

माइक वेब्स्टर हा १९५२ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत जन्मला. १९७४ पासून १९८८ पर्यंत तो पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघांत व पुढें दोन वर्षें कॅन्सस सिटीच्या संघांत अमेरिकन फुटबॉल खेळला. आपल्या परिचयाच्या फुटबॉलशीं ह्या खेळाचें नातें नांवापुरतेंच आहे. वेब्स्टरची जागा ओळीच्या मध्यभागीं असे. ओणवें होऊन चेंडू पायांमधून मागें द्यावयाचा, आणि त्याच क्षणीं समोरून येणाऱ्या धिप्पाड गड्यास अंगावर झेलून थोपवावयाचें, हेंच त्याचें काम. १७ हंगामांत २४५ सामने त्यानें असे काढले. त्याच्या संघानें चार वेळां सुपर बोलचें अजिंक्यपद मिळविलें, आणि १९९७ त त्या खेळाच्या कीर्तिमंदिरांत त्यास स्थान मिळालें.

परंतु त्या सुमारास त्याची स्मृति ढासळूं लागली होती. कित्येक रात्री तो आपल्या मोटारींत काढीत असे. २००२ सालीं, वयाच्या ५० व्या वर्षीं, तो वारला. डॉ. बेनेट ओमालू ह्यांनीं त्याचा मेंदू तपासला, आणि वारंवार बसलेल्या आघातांनीं होणारा ऱ्हास त्यांत आढळल्याचें २००५ त प्रसिद्ध केलें. मुष्टियोद्ध्यांचा असाच विकार वैद्यांस १९२८ पासून ठाऊक होता. तरीहि खेळाच्या व्यावसायिक संघटनेशीं संबद्ध अशा वैद्यांनीं ओमालूंचा निबंध मागें घेण्याची मागणी केली.

मग वेब्स्टरनें कोणता धोका पत्करला होता? हाडें मोडण्याचा, स्वतःची ओळख पुसली जाण्याचा नव्हे. जें ठाऊकच नाहीं, त्यास संमति कशी देतां येईल? ज्ञान झाल्यावर काय घडूं शकतें, तें क्रिस बोरलंडनें दाखविलें. एकच हंगाम खेळून, २०१५ त, वयाच्या २४ व्या वर्षीं, ह्याच भीतीनें त्यानें खेळ सोडला.

कोणी म्हणेल, आतां सर्वांस ठाऊक आहे. तेव्हां आज खेळणाऱ्याची संमति पूर्ण आहे. हें बव्हंशीं खरें. पण संमति देतो बाविशींतला तरुण, आणि किंमत भरतो पन्नाशीकडे झुकलेला तोच मनुष्य, ज्यास ती दिल्याचें कदाचित् स्मरतहि नाहीं. शिवाय वेतन येतें प्रेक्षकांच्या आवडींतून आणि टाळीहि त्यांचीच. तरुणास मोह पडतो तो ह्या दोहोंचा. ज्याच्या हौसेकरितां धोका पत्करला जातो, तो त्या धोक्याचा भागीदार होतो.

यावरून खेळ पाहणें हें पाप ठरतें, असें नाहीं. साहसांत मनुष्याचें तेज प्रकट होतें व तें पाहून हर्ष होणें स्वाभाविक आहे. परंतु भागीदारानें हिशेबाकडे पाठ फिरवूं नये. इजेविषयींचें सत्य उघड व्हावें, आणि खेळून झिजलेल्या माणसाचा योगक्षेम खेळाच्याच उत्पन्नांतून चालावा, असा आग्रह धरणें एवढें तरी त्याचें कर्तव्य होय. विजयाच्या दिवशीं ‘आमचा वेब्स्टर’ म्हणणाऱ्यास, त्याच्या पडत्या काळांत ‘त्यानेंच तर निवडलें’ असें म्हणण्याचा अधिकार उरत नाहीं.