‘खरी’ एस्प्रेसो : एका विशेषणाची नैतिक बाजू

एखाद्या वस्तूच्या नावाआधी ‘खरी’ हे विशेषण केव्हा लागते? ‘खरे पाणी’ असे कोणी म्हणत नाही. ‘खरी लोकशाही’, ‘खरी कविता’, ‘खरे ग्रामीण साहित्य’ असे मात्र आपण सहज म्हणतो. जेथे नावावरील हक्काविषयी वाद असतो, तेथेच हे विशेषण अवतरते. ते वस्तूचे वर्णन करते असे वरकरणी दिसते. प्रत्यक्षात ते कोणाला तरी आत घेते आणि कोणाला तरी बाहेर ठेवते. या क्रियेचे नैतिक स्वरूप तपासण्यासाठी प्रस्तुत निबंधात एक क्षुल्लक वाटणारे उदाहरण घेतले आहे : खरी एस्प्रेसो कोणती आणि ती कशी करावी, हा वाद. येथे दाब, तपमान, वजन, वेळ असे पुष्कळ काही मोजता येते. तरीही वाद मिटत नाही. म्हणूनच मोजमाप कोठे संपते आणि मूल्यविधान कोठे सुरू होते, हे या उदाहरणात अधिक स्पष्ट दिसते.

‘एस्प्रेसो’ या शब्दात तीन अर्थच्छटा एकत्र नांदतात : दाबून बाहेर काढलेली, त्वरेने दिलेली, आणि मागणाऱ्यासाठी तत्क्षणी खास केलेली. शब्दाचा इतिहासही एकरेषीय नाही. तुरिनच्या आंजेलो मोरिओंदोने 1884 मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. मिलानच्या लुइजी बेझेराने 1901 मध्ये एकेक पेला स्वतंत्रपणे करता येईल अशी रचना योजली. ते हक्क देसिदेरिओ पावोनीने विकत घेतले, आणि 1906 च्या मिलान प्रदर्शनात ही कॉफी ‘एस्प्रेसो’ या नावाने लोकांपुढे आली. या यंत्रांतील वाफेचा दाब जेमतेम दीड-दोन बार असे. पेय पातळ, काळे, बरेचदा करपट चवीचे होई आणि त्यावर फेस नसे. आज जिच्यावाचून एस्प्रेसोची कल्पना करवत नाही ती पिंगट साय, म्हणजे ‘क्रेमा’, आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. आकिल्ले गाज्जियाच्या यंत्रात तरफ आणि स्प्रिंग यांच्या साहाय्याने दट्ट्या गरम पाण्यावर कितीतरी अधिक दाब देई. त्या यंत्रांवर ‘नैसर्गिक क्रेमा-कॉफी’ आणि ‘वाफेविना चालते’ अशा आशयाची वचने झळकत. म्हणजे आजची ‘खरी’ एस्प्रेसो जन्मली तेव्हा, जिच्या बळावर मूळ एस्प्रेसो उभी होती त्या वाफेचा नकार हीच तिची जाहिरात होती. पुढे 1961 मध्ये ‘फाएमा ई-61’ या यंत्राने विजेच्या पंपाद्वारे सुमारे 9 बार इतका स्थिर दाब उपलब्ध केला, आणि तोच आकडा प्रमाण ठरला.

आता व्याख्या करू पाहावी. ‘सुमारे 9 बार दाबाने काढलेली ती एस्प्रेसो’ असे म्हटले तर अव्याप्तीचा दोष येतो, कारण ज्या पेयाने हे नाव लोकांत रूढ केले तेच व्याख्येबाहेर पडते. ‘दाबाने काढलेली’ इतकेच म्हटले तर अतिव्याप्ती होते, कारण 1933 मध्ये आलेले आणि पुढे इटलीतील घराघरांत पोचलेले मोका भांडेही त्यात येते, आणि मोकाला एस्प्रेसो म्हणणे इटालियन रसिकाला सहसा मान्य होत नाही. ‘क्रेमा’ हे व्यवच्छेदक लक्षण मानावे, तर तेही भरवशाचे नाही. रोबस्टा जातीच्या बियांपासून क्रेमा अधिक दाट येते, मग चव कशीही असो. आणि काही घरगुती यंत्रांत पेय बारीक छिद्रातून ढकलून जुनाट पुडीवरही फेस उभा केला जातो.

लक्षणांचा हा डळमळीतपणा संपवण्यासाठी नियम केले जातात. 1998 मध्ये स्थापन झालेल्या इटालियन राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेने सुमारे 7 ग्रॅम पूड, 9 बार दाब, 25 सेकंद आणि पेल्यात 25 मिलिलिटर पेय असे प्रमाण ठरवले. दुसरीकडे, गेल्या काही दशकांतील ‘तिसरी लाट’ म्हणवणारे कॉफीकार 18 ते 20 ग्रॅम पूड घेतात आणि पेय मापाने न मोजता वजनाने मोजतात, कारण फेसामुळे माप फसवते. 2020 मध्ये ‘मॅटर’ या विज्ञानपत्रिकेतील एका संशोधनाने दाखवले, की पूड फार बारीक दळली तर पाणी सर्वत्र सारखे झिरपत नाही. थोडी जाडसर आणि थोडी कमी पूड घेतली तर परिणाम अधिक एकसारखा येतो आणि बचतही होते. हे ज्ञान मोलाचे आहे. पण ते ‘पुन:पुन्हा तसाच पेला कसा मिळेल?’ या प्रश्नाचे उत्तर देते. ‘खरा पेला कोणता?’ याचे नव्हे.

डब्ल्यू. बी. गॅली यांनी 1956 मध्ये ‘मूलत: विवाद्य संकल्पनां’ची कल्पना मांडली. अशा संकल्पनांच्या वापरकर्त्यांत वाद अटळ असतो, तथापि ते सर्व एकाच मूळ आदर्शाचा दाखला देतात, हे त्यांच्या विवेचनातील एक महत्त्वाचे सूत्र आहे. एस्प्रेसोच्या बाबतीत मात्र मूळ आदर्शच दुभंगलेला आहे. 1906 ची वाफ की युद्धोत्तर दट्ट्या? प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचा आरंभ निवडतो आणि त्यालाच परंपरा म्हणतो.

माझ्या मते गोंधळाचे मूळ ‘खरी’ या शब्दात नसून त्याच्या निषेधात आहे. ‘ही खरी नव्हे’ असे म्हणताना आपण तीन निराळी विधाने एकाच दमात करतो. पहिले : ही बिघडलेली आहे. दुसरे : ही वेगळी आहे. तिसरे : ही खोटी आहे. बिघाड ठरतो तो कर्त्याने स्वीकारलेल्या हेतूच्या संदर्भात. वेगळेपण ठरते प्रकाराच्या तुलनेत. आणि खोटेपणाला फसवणूक लागते. पुडीच्या जुनाटपणावर पांघरूण घालण्यासाठी उभा केलेला फेस खोटा आहे. करपट पेला बिघडलेला आहे. जाडसर पुडीचा पेला केवळ वेगळा आहे. वेगळ्याला खोटे म्हणणे ही निव्वळ तार्किक चूक नव्हे. तो अन्याय आहे, कारण त्यात समोरच्यावर फसवणुकीचा आरोप अनुस्यूत असतो.

या अन्यायाचा मला आलेला अनुभव एस्प्रेसोच्याच नावाशी निगडित आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्रातील लग्नसमारंभांत ‘एक्स्प्रेसो कॉफी’चे यंत्र असे : झळझळीत टाकी, फुसफुसणारी वाफ, दुधात घोटलेली तयार कॉफीची पूड आणि साखर, वर चॉकलेटची भुकटी. 1994 साली थोरल्या बहिणीच्या लग्नात वडिलांनी ऐपतीबाहेर जाऊन ते आणवले होते. इटलीत नोकरी करून आलेले एक नातलग चारचौघांत हसून म्हणाले, “अण्णा, याला एस्प्रेसो म्हणत नाहीत.” वडिलांनी सरळपणे विचारले, “मग काय म्हणतात?” त्यांना उत्तर देता आले नाही. वडील मात्र त्यानंतर कोणाला कॉफी घेण्याचा आग्रह करताना दिसले नाहीत.

नातलगांचे विधान वर्णन म्हणून अचूक होते. त्या पेयात दाबून काढलेले काहीच नव्हते. पण मागणाऱ्यासमोर, त्याच्यासाठी, तत्क्षणी केलेली ही शब्दाची तिसरी छटा मात्र त्या मांडवात शाबूत होती. कोणी कोणाला फसवत नव्हते. वेगळेपणाचे विधान खोटेपणाच्या सुरात केले गेले, एवढेच घडले. आणि तेवढे पुरेसे होते.

येथे एक आक्षेप संभवतो. मग सर्वच पेले सारखे मानायचे काय? मुळीच नाही. ह्यूमच्या 1757 च्या अभिरुचीविषयक निबंधात दोन मद्यपारखी आहेत. एकाला मद्यात चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसतात, पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याचा बंद असलेली जुनी किल्ली सापडते. सूक्ष्म आस्वादाला वस्तूत आधार असू शकतो, हे येथे मान्य आहे. परंतु त्या पारख्यांनी त्या मद्याचे मद्यपण नाकारले नाही. त्यात काय उतरले आहे ते सांगितले. टीकेचा अधिकार तेथपर्यंत नि:संशय पोचतो.

आपल्या समीक्षेत ‘अस्सल’ हा शब्द वारंवार येतो : अस्सल ग्रामीण, अस्सल दलित, अस्सल देशी. या शब्दाचा त्याग करावा असे सुचवायचे नाही. फसवणूक साहित्यातही होते आणि ती उघड करणे समीक्षेचे कर्तव्यच आहे. अपेक्षा इतकीच, की एखादी कृती ‘अस्सल नाही’ असे म्हणणाऱ्याने ती बिघडलेली आहे, वेगळी आहे की खोटी आहे हे आधी सांगावे, आणि ती वेगळी असेल, तर “मग काय म्हणतात?” या प्रश्नाला उत्तर द्यायची तयारी ठेवावी.